एका पाटीचे दोन वाटे

कागलच्या बाजारातल्या आमच्या वडिलांच्या, अप्पांच्या, भांड्यांच्या दुकानात मधोमध भिंत घालायची ठरली, तेव्हा वाटणीच्या कागदावर माझं काम एका सहीपुरतं होतं. हक्कसोडीची सही. ती मी केली, चहा घेतला आणि कोल्हापुरात शाहूपुरीतल्या माझ्या डीटीपीच्या ऑफिसात परत आले. पितळ, तांबं, स्टील, माळा, शटर, सगळ्याचे दोन वाटे झाले होते. पाटी तेवढी राहिली होती.

पाटी एकच होती. निळ्या पत्र्यावर पिवळ्या अक्षरांत अप्पांचं नाव, खाली बारीक अक्षरांत ‘भांड्यांचे व्यापारी’. ती रंगवणारा पेंटर अप्पांच्या आधीच गेला होता. पत्रा कडेनं गंजला होता आणि नवी भिंत बरोबर नावाच्या मधून जाणार होती.

माझे दोन्ही भाऊ, थोरला अण्णा आणि धाकटा, त्यासाठी माझ्याकडे आले. कागल ते कोल्हापूर असं किती अंतर, पण दोघं दोन वेगळ्या एसटीनं आले. दोघांनाही अप्पांचंच नाव लावायचं होतं आणि दोघांनाही जुन्या पाटीवरचंच अक्षर हवं होतं.

“मग दोघांना एकच देते की. मिटलं,” मी म्हणाले.

“एकच कसं?” अण्णा म्हणाला. “गिऱ्हाईक माझ्याकडं म्हणून येणार आन् ह्याच्याकडं शिरणार.”

“आन् लई वेगळं केलं,” धाकटा म्हणाला, “तर लोक इचारणार, ह्यातलं आप्पाचं दुकान कुठलं? वेगळं अक्षर ज्याच्याकडं, त्यो उपरा.”

म्हणजे मला अशी दोन अक्षरं शोधायची होती, जी दुरून एकाच घरातली वाटतील आणि जवळून वेगळी. अण्णानं वर वाटणीची रीतही सांगितली. एकानं वाटे करायचे, दुसऱ्यानं आधी उचलायचा.

“वाटं तू कर, अक्का. ह्यो उचलू दे. उरंल ते माझं.” अण्णा माझ्याहून मोठा, पण घरात लहानमोठे सगळेच मला अक्का म्हणत.

काम मी घेतलं ते एका सरळ कारणासाठी. दिवाळीला कागलच्या स्टँडवर उतरल्यावर आधी कुणाच्या दारात जायचं, हा प्रश्न मला नको होता. भाऊ मालावरून भांडले नव्हते, पण पाटीवरून अबोला धरतील अशी लक्षणं दिसत होती. आमच्या घराण्यात अबोला एकदा धरला की तो धरणाऱ्यांबरोबरच संपतो. अप्पा आणि काकांचा मी पाहिला होता. काकांकडच्या बारशा-लग्नांची पत्रिका आमच्या घरी यायची आणि आमच्याकडून कुणी जायचं नाही. मला दोन माहेरं नको होती, मोडकं का असेना, एक हवं होतं.

मी कामाची यादी केली. जुन्या पाटीचा जवळून फोटो. त्यातली ओळखीची लक्षणं: जाड शिरोरेषा, खाली तिरके कापलेले काने, म-भसारख्या अक्षरांतल्या मोकळ्या गाठी. मग माझ्याकडचे मराठी फॉन्ट एकेक लावून बघितले. बहुतेक पहिल्या फेरीतच गेले, कारण काही लग्नपत्रिकेसारखे नाजूक होते, काही सरकारी नोटिशीसारखे ठोकळे. शेवटी दोन उरले. फाइलमध्ये त्यांना मी ‘एक’ आणि ‘दोन’ एवढीच नावं ठेवली.

तेव्हाच्या छोट्या मॉनिटरवर दोघांत काही फरक दिसत नव्हता. अक्षरांच्या कडा पायऱ्यांसारख्या दिसायच्या आणि सगळी वळणं त्यात बुडायची. लेझर प्रिंट काढल्यावर खरं कळलं. ‘एक’चे काने थेट अप्पांच्या पाटीसारखे तिरके होते, पण गाठी घट्ट होत्या. दुकानाच्या कापडी पिशवीवर जाळीतून छापलं की शाई पसरायची आणि गाठी भरून ठिपका व्हायचा. ‘दोन’चे काने सरळ, पण गाठी मोकळ्या, पिशवीवर आणि बिलावर स्वच्छ. एक पाटीवर सरस, दुसरा कागदावर. मला हे वाटे बरे वाटले. ज्याला जे मिळेल त्यात काहीतरी अप्पांचं होतं आणि काहीतरी कमी होतं.

फक्त ‘दोन’चं अंग लहान होतं. काही फॉन्ट असे असतात, आकडा तोच ठेवला तरी अक्षर आखूड दिसतं. म्हणून ‘एक’ बहात्तर पॉइंटमध्ये आणि ‘दोन’ ऐंशीत काढला. आता दोन्ही नावं डोळ्यांना एका उंचीची वाटत होती. सवयीनं मी दोन्ही कागदांच्या कोपऱ्यात पेन्सिलनं आकडे टाकले.

भाऊ पुन्हा आले. धाकट्यानं अक्षरं बघण्याआधी कोपरा बघितला.

“ह्याला बहात्तर, त्याला ऐंशी? अक्का, ही कसली वाटणी म्हणायची?”

मी समजावलं. त्याला पटेना. मी दोन्ही बहात्तरात काढून समोर ठेवले.

“आता हे बारकं दिसतंय,” अण्णा म्हणाला.

“दिसू दे की. आकडा सारखा हाय न्हवं? उद्या कुणी इचारलं तर आकडा दावता येतोय. दिसणं कुणाला दावणार?”

अण्णानं कागद खाली ठेवला. “तू भांड्याच्या दुकानात जन्मलास का किराण्याच्या? किलोचं पितळ आन् किलोचं जर्मन ॲल्युमिनियम शेजारी ठेव. एकाएवढं एक दिसतंय?”

“मग वजन कशाला बघायचं?”

“पाटी काय वजनावर इकणार हाईस व्हय रं?”

धाकट्याला हसू आवरलं नाही. अण्णा हसला नाही, पण त्यानं बहात्तरचा बारका कागद स्वतःच घडी करून टोपलीत टाकला. वाटणी सुरू झाल्यापासून दोघं एकमेकांशी बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते. तोवर सगळं बोलणं माझ्यामार्फत किंवा आमच्या आईमार्फत, अव्वामार्फत, व्हायचं.

मग धाकटा म्हणाला, पाटी टेबलावर कोण वाचतंय, रस्त्यावर लावून बघू. समोरच्या बंद शटरला आम्ही दोन्ही कागद चिकटवले आणि अलीकडच्या फुटपाथवर तिघं ओळीनं उभे राहिलो. एक सायकलवाला थांबला, कागद वाचले, आमच्याकडे बघितलं.

“काय पावणं, एकच उमेदवार दोनदा उभा हाय काय?”

“व्हय,” अण्णा म्हणाला, “एक तर पडणारच.”

धाकटा बराच वेळ बघत राहिला. एकदा रस्ता ओलांडून जवळ गेला, पुन्हा आला. तो ‘दोन’ उचलेल असं मला वाटत होतं, कारण धंद्याची समज त्याला जास्त, आणि बिलं, पिशव्या, कॅलेंडर रोज लोकांच्या हातात जातात. त्यानं ‘एक’कडे बोट केलं.

“त्याचं कानं आप्पासारखं हाईत.”

“झालं मग,” अण्णा म्हणाला. “माझ्या मनात दुसरंच हुतं.”

ते खरं होतं की नाही, मला आजही माहीत नाही. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर वाटणी पुन्हा उघडली असती.

पुढं पाट्या लागल्या, एकाला एक चिकटून. ‘एक’च्या पिशव्यांवर गाठी भरल्याच, त्याबद्दल धाकट्यानं मला एका शब्दानंही बोल लावला नाही. अबोला पडला नाही. गोडीही फारशी वाढली नाही. भाऊबीजेला मी अव्वाच्या खोलीत बसायची आणि दोघं एकापाठोपाठ येऊन ओवाळून घ्यायचे, एका पाटावर कधी नाही. भिंत झाल्यापासून कुणी कुणाच्या दुकानाची पायरी चढला नव्हता.

या धंद्यात मी पुढं शेकडो गिऱ्हाइकांना दोन सारख्या अक्षरांमधून निवडताना पाहिलं. अक्षरं अगदी वेगळी असली की माणूस पटकन निवडतो. जितकी सारखी, तितका तो अडतो, आणि बारीक फरकाला आपल्या मनातलं काय काय चिकटवतो. एखाद्या कान्यात वडील दिसतात, गाठीत अपमान दिसतो. त्याला ‘दोन्ही सारखेच आहेत’ असं मी कधी सांगत नाही. त्याच्यापुरते ते नसतात.

दोन हजारच्या दशकात धाकट्याला इंटरनेटवर दुकानाचं पान हवं झालं. आमचे जुने फॉन्ट तिथे चालत नसत. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडलं की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसायची. सगळीकडे दिसणारा युनिकोडचा एकच साधा फॉन्ट होता. त्यात मी अप्पांचं नाव टाकून त्याला दाखवलं.

“माझं अक्षर कुठाय?”

“इथे नाही. चित्र करून टाकता येईल, पण मग शोधणाऱ्याला सापडणार नाही.”

“मग हे दुकान माझं का अण्णाचं, कसं कळायचं?”

“फोन नंबरावरून.”

“अण्णाचा बी टाक मग,” तो म्हणाला. “नाव तर दोघांचंच हाय. शेजारीशेजारी टाक, वरखाली नको.”

मी दोन्ही नंबर एका ओळीत शेजारीशेजारी टाकले. माझ्या मॉनिटरवर छान बसले. दुसऱ्या दिवशी अण्णाचा फोन आला.

“अक्का, माझा नंबर खाली का?”

“खाली नाही, शेजारी आहे. तू कुठं बघतोयस?”

“धाकट्याच्या गल्ल्यावर बसलोय. ह्याच्या काम्पुटरवर खाली दिसतोय की.”

स्क्रीन अरुंद असली की ओळ मोडते, हे मी सांगत होते, तोवर मागून धाकट्याचा आवाज आला.

“त्याचाच वर कर बाई! सकाळधरनं हितं बसून तिसरा चहा पितोय, उठंना झालाय.”

मी अण्णाचा नंबर वर घेतला आणि दोघांनाही पान पुन्हा उघडून बघायला सांगितलं.