गोचीडमामा

किसनमामा कुणाच्याही वस्तीवर गेले, तरी चहाच्या आधी मेंढरांचे कान तपासायचे. आमच्या निमोण्यात त्यांना सगळे गोचीडमामा म्हणत. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत त्यांची नोकरी झाली होती. काम मात्र कर्नाटकातल्या जंगलात. पांढरं फ्लॅनेलचं कापड गवतावरून ओढत न्यायचं आणि त्याला चिकटलेल्या गोचिड्या चिमट्यानं नळीत भरायच्या. तिकडं गोचीड चावून माकडं मरत आणि माणसांनाही तो ताप येई. माकडताप.

आमचे आबा गोचीड दोन नखांत धरून चिरडायचे. मामांनी एकदा त्यांचा हातच धरला.

"नखानं नगा मारू, आबा. तिच्या पोटात काय हाय ते तुमाला ठावं न्हाई."

"आपल्याकडं कुठं हाय तो ताप?"

"आज न्हाई," मामा म्हणाले आणि खिशातून चिमटा काढून त्यांच्यापुढं धरला. आबांनी तो घेतला, पण मामा गेल्यावर हसले.

पुढं माझा थोरला भाऊ ट्रकवर लागला. एकदा कर्नाटकात शिमोग्याकडं लाकूड भरायला गेला, तिथं आठ दिवस जंगलातच झोपला. परत आला तो तापानं फणफणतच. डोळे लाल, डोकं ठणकतंय. दौंडच्या डॉक्टरांनी मलेरियाच्या गोळ्या दिल्या. दोन दिवसांनी चूळ भरताना हिरड्यांतून रक्त आलं, तशी मी मामांकडं पळाले.

मामा दवाखान्यात उभे राहूनच बोलले. "डॉक्टरसाहेब, ह्यो जंगलात व्हता. अंगावर चावल्याच्या खुणा हायेत. तिकडचा ताप मी बघितलाय."

डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि लगेच पुण्याला पाठवलं. त्या तापावर औषध नव्हतं. सलाईन, रक्त आणि राखण, एवढंच. दादा तीन आठवड्यांनी घरी आला. त्यानंतर आबांच्या खिशात कायम चिमटा असायचा.

म्हातारपणी मामा दौंडला रेल्वे कॉलनीत लेकीकडं राहायला निघाले. मी पोचवायला गेले होते. जिन्याखाली ते थांबले.

"जंगलात माझ्या जोडीला दत्तू व्हता. त्याला ताप आला, तवा मी म्हनलो, उनाचा असंल. दोन दिस तेच म्हनलो. नाकातनं रगत आलं तवा जीप बोलावली."

"औषध नव्हतंच ना, मामा. तुम्ही काय करणार होता?"

"व्हय. पर तो गेल्यावर त्याच्या आईला मी सांगितलं, ताप आला त्याच दिवशी दवाखान्यात नेला म्हनून."

त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली आणि सावकाश जिना चढून गेले.

वर्षभरात मामा वारले. खांदा द्यायला दादा सगळ्यांत पुढं होता.