क्लिपमधलं मृत्युपत्र

मृत्युपत्र करायला येणाऱ्या माणसांबद्दल मार्लिस टॉलेफसनचं मत बरं नव्हतं, आणि ते सुधारावं असा एकही माणूस चौतीस वर्षांत नॉर्डबी गावात निपजला नाही. लोवेल रुस्टाड वकिलांच्या बाहेरच्या खोलीत तिचं टेबल होतं. वकील आत बसून अशिलांशी मासेमारीच्या गप्पा मारत. मृत्युपत्र टाइप करायची मार्लिस, आणि माणूस गेला की कोर्टात कागद फिरवायची तीही मार्लिसच. टाय मात्र वकील घालत.

म्हाताऱ्या बायका बश्यांच्या बुडाला नावांच्या चिकटपट्ट्या लावायच्या आणि झालं आपलं मृत्युपत्र म्हणून निवांत व्हायच्या. स्कारबाईंच्या दोन्ही मुलींनी तर आईच्या अंत्यविधीनंतरची चर्चच्या तळघरातली कॉफी गार व्हायच्या आत त्या पट्ट्या खरवडून काढल्या होत्या. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी जात, मार्लिस म्हणायची, आणि त्यांना साखर हवी का ते विचारायची.

तिचा नियम एकच. सही होईपर्यंत कागदांना क्लिप, आणि दोन साक्षीदारांसमोर सही झाली की स्टेपलरची पिन. ती पिन पुन्हा काढायची नाही. एका शहाण्याने झेरॉक्ससाठी काढली, तेव्हा ती म्हणाली होती, "मधलं पान बदललं नाहीस, हे आता जजला तूच पटव." आणि जे सहीची टाळाटाळ करत त्यांना ती सांगे, "क्लिपमधल्या कागदाची किंमत क्लिपएवढी."

तिच्याच खालच्या खणात एक मृत्युपत्र अकरा वर्षं क्लिपमध्ये पडून होतं. ते रुस्टाड वकिलांचं होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. चौथ्या पानावर लिहिलं होतं, की ऑफिसची इमारत मार्लिस टॉलेफसनला. वरच्या मजल्यावर ती वीस वर्षं राहत होती. पगार वाढवायचा विषय निघाला की वकील छताकडे बोट दाखवत, "हे तुझंच आहे की." तिने ते मानलं आणि दुसरीकडे घर बघितलं नाही.

"लोवेल, तुमची सही राहिलीय," ती दर दोनतीन महिन्यांनी म्हणे.

"सोमवारी करू."

"आज सोमवारच आहे."

"मग पुढच्या."

गावातल्या झाडून सगळ्या मृत्युपत्रांवर साक्षीदार म्हणून तिची सही होती. इथे तिचंच नाव आत असल्यामुळे तिने सही करणं बरं दिसलं नसतं. "समोरून दोघांना बोलावते, पाच मिनिटांचं काम," ती म्हणे. "उगाच लोकांना कशाला त्रास," ते म्हणत. माणूस आळशी आहे, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी गोठलेल्या तळ्यावर, मासे धरायच्या खोपटात वकील बसल्या जागी गेले. चर्चच्या तळघरात सगळे म्हणाले, किती व्यवस्थित माणूस. मार्लिस खाली मान घालून केक कापत राहिली. समोर कॅफे चालवणारी डेलोरेस शेजारी येऊन कुजबुजली, "काढ तो कागद. त्याची सही तू त्याच्यापेक्षा चांगली करतेस. साक्षीला मी आहे, कुणाला कळतंय?"

"जिवंतपणी झाली नाही त्यांच्याकडून, ती मेल्यावर करायला लावू?" मार्लिस म्हणाली. मग सुरी थांबली. "तुला कसं माहीत, कसला कागद ते?"

"आला होता की माझ्याकडे. झाली चार वर्षं. साक्षीदार हवाय म्हणाला, कॉफी प्याला. मग म्हणाला, राहू दे. सेक्रेटरीला इमारत दिली म्हटल्यावर गाव काय म्हणेल."

साक्षीदार मृत्युपत्र वाचत नाहीत, फक्त हात हलताना बघतात. हे त्या माणसाने जन्मभर अशिलांना समजावलं होतं. म्हणजे तो आळशी नव्हता, भेकड होता. आणि ती दुसऱ्यांना मूर्ख म्हणत अकरा वर्षं त्याचे सोमवार मोजत बसली. तिला त्याची किळस आली, आणि त्याहून जास्त स्वतःची.

मंगळवारी वकिलांचा मुलगा ऑफिसात आला. ब्रॅडली मिनीआपोलिसला स्वयंपाकघरातले ओटे विकायचा. आल्या आल्या तो भिंती ठोकून बघायला लागला.

"मार्लिस, बाबांचं मृत्युपत्र असेलच ना?"

तिने खण उघडून कागद पुढे ठेवले. चौथ्या पानावर त्याचे कान लाल झाले. त्याने पाचवं पान उलटलं, पुन्हा उलटलं.

"ह्यावर सही नाहीये."

"नाही."

"म्हणजे हे…"

"तुझ्या बाबांनी काय शिकवलं तुला? सही नाही, तर मृत्युपत्र नाही. सगळं तुझं."

"त्यांचा विचार तर स्पष्ट दिसतोय," तो म्हणाला, आणि तेवढ्यात कागद घडी करून खिशात घालायला लागला. "मला वाईट वाटतंय, खरंच. तुम्ही वर राहा की, उन्हाळ्यापर्यंत."

मार्लिसने हात पुढे केला, घडीवरून क्लिप काढून घेतली आणि आपल्या डबीत टाकली.

"कोर्टाचे कागद तुम्हीच कराल ना?" त्याने दारातून विचारलं. "दुसऱ्या कुणाला यातलं काही कळत नाही."

"करीन की."

"कधी?"

"सोमवारी," मार्लिस म्हणाली.