एका डोळ्याचं पाणी

माझ्या मुलीच्या साखरपुड्यात मी माझ्या थोरल्या बहिणीला पुढच्या रांगेतून उठवलं. मुलीची ती एकुलती आत्या. ताटाजवळ बसून ती उजव्या डोळ्याला सारखा पदर लावत होती आणि मुलाकडची माणसं तिच्याकडं बघत होती. मी वाकून, पण चार जणांना ऐकू जाईल असं म्हणालो, "आक्का, चांगल्या दिवशी डोळ्यांतनं पाणी काढू नको. मागं जाऊन बस."

"बरं रं," म्हणून ती उठली.

मला वाटलं, ती रडतेय. गेलं वर्षभर ती आमच्याकडं येळ्ळूरला आली की डोळा पुसत बसायची. आईच्या शेवटच्या आजारपणात सगळं तिनं केलं होतं, मी नोकरीचं निमित्त पुढं केलं होतं. ते मला दाखवून द्यायलाच ती रडते, असं मी धरून चाललो होतो. तिनं तसं कधी एका शब्दानं म्हटलं नव्हतं.

वर्षापूर्वी तिच्या तोंडावरून वारं गेलं होतं. निपाणीत ती तंबाखूच्या वखारीत कामाला जायची. एका सकाळी चूळ भरताना ओठातून पाणी सांडलं आणि उजवा गाल लोंबला. मी फोनवरच सांगितलं, "वारं लागलंय, कान बांधून ठेव, जाईल." तिनं महिनाभर मफलर बांधला. तोंड बरंचसं सरळ झालं आणि आम्ही तो विषय सोडून दिला. आजाराचं नावच वारं, म्हणून आम्ही वाराच अडवत बसलो. डोळ्याकडं कुणी बघितलं नाही.

साखरपुड्याचे फोटो आले तेव्हा मुलगी माझ्यासमोर येऊन बसली. "आप्पा, माणूस एका डोळ्यानं रडतं व्हय?" तिनं फोटो मोठा करून दाखवला. डावा डोळा कोरडा होता. उजव्या डोळ्याची खालची पापणी बाहेर उलटली होती, आतला लाल भाग दिसत होता. बहिणीचा चेहरा मी इतका जवळून किती दिवसांनी बघत होतो कोण जाणे.

त्याच आठवड्यात आक्काला बेळगावात डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरीणबाई तिच्याशी कन्नडमध्ये बोलल्या, मग माझ्याकडं वळून मराठीत म्हणाल्या, "ह्या रडत नाहीत. ह्यांचा डोळा कोरडा पडलाय."

त्यांनी आरसा धरून समजावलं. चेहऱ्याची नस लुळी पडली, की डोळा मिटणारा स्नायू सैल होतो आणि खालची पापणी आपल्याच वजनानं बाहेर लोंबते. नाकाजवळच्या बारीक छिद्रातून आत जाणारं पाणी मग गालावर वाहतं. डोळा पुरता मिटत नसल्यानं बुबुळ सुकतं, धूळ टोचते, म्हणून आणखी पाणी येतं. पदरानं खाली ओढून पुसल्यानं पापणी जास्तच उलटत गेली होती. "नाकाच्या दिशेनं, वर टिपायचं," म्हणत त्यांनी करून दाखवलं. बुबुळावर जखम होती. आणखी थांबलो असतो तर त्या डोळ्याची नजर जाऊ शकली असती. पहिल्या दोन-तीन दिवसांत आणलं असतं तर नसेवर औषध देता आलं असतं, हेही त्यांनी सांगितलं, आवाज न चढवता. मला तेच जास्त लागलं.

दिवसा सारखे थेंब, झोपताना मलम आणि पापणीवर चिकटपट्टी, असं सुरू झालं. जखम भरत आली. पण वर्ष उलटून गेल्यामुळं पापणी आपोआप वर येण्याची आशा नव्हती. बाहेरच्या कोपऱ्यात ती आखूड करून हाडाजवळ घट्ट बांधायची, असं ठरलं. आक्का म्हणाली, "वाकडं तोंड बास झालं न्हाय का? आता डोळा बी शिवून घेताय व्हय?" डॉक्टरीणबाई हसल्या. फक्त डोळ्याजवळ भूल देऊन शस्त्रक्रिया झाली आणि संध्याकाळी आम्ही घरी आलो.

पापणी आता डोळ्याला लागून बसली आहे. बुबुळावर पुसटसा डाग राहिला, थेंब कायमचे घालावे लागतील, वखारीतलं काम सुटलं. पण नजर राहिली. त्या बाईंचे, आणि मला तोंडावर प्रश्न विचारणाऱ्या माझ्या पोरीचे उपकार मी विसरणार नाही.

टाके काढल्यावर आक्काला निपाणीला तिच्या घरी सोडायला गेलो. मला वाटेतच बोलता आलं असतं. पण मी अपमान चार माणसांत केला होता. म्हणून तिची सून चहा घेऊन बाहेर येईपर्यंत थांबलो. साखरपुड्याच्या दिवशी ती आक्काच्या शेजारीच बसलेली होती. कप हातात घेतला आणि दोघींसमोर म्हणालो, "आक्का, साखरपुड्यात तुला उठवलं ते माझं चुकलं. तू रडत नव्हतीस. आणि रडत असतीस तरी तुला मागं बसवायचा मला हक्क नव्हता. मला माफ कर."