हातभर आखूड नळी

आमच्या ठासणीच्या बंदुकीची नळी हातभर आखूड झाली ती माझ्या एका खोट्यापायी. आज ते सांगायला लाज वाटत नाही. वाटायला हवी होती तेव्हा मी गप्प बसलो.

लोणखेड्याच्या शिवारात आमची ज्वारी होती, केळी होती, आणि दोन्हींची रानडुकरं नासधूस करत. वडिलांच्या नावावर पीकराखणीचा परवाना होता, पण बंदूक चालवायचा आमचा राखणदार. तोरणमाळाच्या पायथ्याकडून आलेला, वडिलांहूनही थोरला. घरात सगळे त्याला मामा म्हणत. दारू मोजायला त्याने बांबूच्या पेराचं माप केलं होतं. एक माप दारू, वर चिंधी, मग शिशाची गोळी, आणि सगळं गजाने ठासायचं. हे माप याच बंदुकीचं, असं तो बजावायचा आणि दुसरं कुठलंही तिला लावू देत नसे.

मी तेव्हा पंचविशीचा, लग्न झालेला, आणि अंगात मस्ती. एका सकाळी भरलेली बंदूक घेऊन केळीत शिरलो. नुकतंच पाणी सोडलेलं, पाय घसरत होते, म्हणून बंदूक तोंडाकडून खाली टेकत काठीसारखी वापरली. इतका शहाणा मी. पुढे डुक्कर दिसलं, बार काढला आणि नळीचं तोंड चार बोटं फाटलं. तोंडात चिखल बसला होता, हे मला तिथल्या तिथे कळलं. घरी मात्र सांगितलं की लोखंडच सडलंय.

चार बोटं कापून भागलं असतं. पण सडकं लोखंड ठेवायचं कशाला, म्हणून वडिलांनी लोहाराकडून चांगली हातभर नळी कापून घेतली. मामा शेजारीच उभा होता. फाटलेल्या तोंडात बोट घालून त्याने काहीतरी चिमटीत चोळलं आणि हात धोतराला पुसले.

पूर्वी पन्नास पावलांवरून सागाच्या फळीतून आरपार जाणारी गोळी आता तिच्यात अर्धीच रुतू लागली. मी म्हटलं, त्यात काय, दीड माप दारू घाल. मामाने घरातून एक पांढरं धोतर मागून घेतलं, नळीच्या पुढे जमिनीवर अंथरलं आणि दीड मापाचा बार काढला. धक्क्याने म्हातारा हेलपाटला. गोळी फळीत नखभर जास्त गेली असेल नसेल, धोतरावर मात्र न जळालेल्या दारूचे काळे कण पसरले होते.

"मझार बळनी तेवढीच दारू काम करस," नळीच्या आत बोट दाखवत तो म्हणाला. "बाहेर पडनी ती वाया. नळी आखूड व्हयनी, आते आपलेच जवळ जानं पडी."

ज्वारी निसवली, कणसांवर डुक्कर आलं, तेव्हा तो तसाच जवळ गेला. पन्नास पावलांवरून मारायचा तो माणूस वीस पावलांवर जाऊन उभा राहिला. मी मागे कुऱ्हाड घेऊन होतो. गोळी लागली, पण डुक्कर पडलं नाही, उलटलं. दुसरा बार भरायला त्याने गज काढला तोवर ते अंगावर आलं. मी धावलो, पण त्याची मांडी तोवर फाडली गेली होती.

पागोट्याने मांडी आवळून बांधली आणि त्याला गाडीत घालून शहाद्याच्या दवाखान्याकडे निघालो. त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. सगळं सांगून टाकावं असं फार वाटत होतं, पण मी पागोट्याची गाठच घट्ट करत राहिलो. वाटेत त्याने डोळे उघडले.

"भाऊ," तो हळूच म्हणाला, "बंदूकनी काठी करू नको आते."

शहादा यायच्या आधीच तो गेला.

त्याने चिमटीत चोळला होता तो केळीतला चिखल. पहिल्या दिवसापासून त्याला ठाऊक होतं. मालकाच्या पोराला खोटं पाडण्यापेक्षा तीस पावलं पुढे जाणं त्याने पत्करलं.