अक्षतांच्या वेळी गप्प राहणारा डीजे

नातीच्या लग्नात डीजे असणार हे मुलाने सांगितले, तेव्हा मी विरोध केला नाही. वरपक्षाची तशी इच्छा होती आणि नातीचीही. डीजे मी निवडीन, एवढेच मी म्हटले. संस्कृत शिकवण्यात हयात घालवलेल्या माणसाचे हे बोलणे ऐकून मुलगा हसला. मग मी त्याला कारण सांगितले आणि त्याचे हसू थांबले.

माझ्या पत्नीने नातीसाठी एक मंगलाष्टक रचले होते आणि ते तिला स्वतः म्हणायचे होते. घशाच्या शस्त्रक्रियेनंतर तिचा आवाज देवघरातून स्वयंपाकघरापर्यंतही पोहोचत नाही. चार ओळींचे ते कडवे शार्दूलविक्रीडितात बसवायला तिला सारा चातुर्मास लागला. अंतरपाटाआड उभ्या असलेल्या नातीने ते अक्षरन् अक्षर ऐकावे, एवढीच तिची इच्छा होती. आणि हल्ली आमच्या वेल्ह्याच्या भागात काही डीजेवाले प्रत्येक ‘सावधान’ला भोंगा वाजवतात, हे मी ऐकून होतो.

पहिला आला तो पानशेतच्या बाजूचा. पुण्याहून येणाऱ्यांच्या बंगल्यांवर तो वाजवतो, असे कळले. मी म्हणेन त्याला तो होकार देत गेला. आवाज कमी ठेवू. अक्षतांना गप्प राहू. भक्तिगीतेही लावू. मध्येच वाकून त्याने माझ्या पायांना हात लावला आणि माझा संशय तिथेच पक्का झाला. लवकरच विंझरच्या एका लग्नात तो वाजवणार होता. दूरची ओळख काढून मी मुलासह तिथे गेलो आणि मांडवात अगदी मागे बसलो. पहिल्याच ‘सावधान’ला असा भोंगा वाजला, की शेजारच्या वृद्ध बाईंच्या मुठीतल्या अक्षता त्यांच्याच मांडीवर सांडल्या. आम्ही जेवायला न थांबता परतलो.

दुसरा भोरचा. तो शांतपणे पाणी प्यायला आणि माझ्या बहुतेक अटी त्याने सरळ नाकारल्या.

“वरातीत पोरं सांगत्याल ती गाणी लागणार, आजोबा. तिथं तुमचं न्हाई चालायचं आन् माझंबी न्हाई. अक्षतांना मात्र माझं समदं बंद. माईक तेवढा चालू.”

ज्याला नाही म्हणता येते, त्याच्या होकाराला काही किंमत असावी, असे मला वाटले. तरीही अक्षतांच्या वेळी मी त्याच्या शेजारी बसणार, असे त्याला बजावले. बसा की, म्हणाला, पण तिथं लई गरम व्हतंय.

लग्नाच्या दिवशी मी उपरणे सावरून त्याच्या यंत्राशेजारी बसलो, ते त्याच्या हातांवर डोळे लावूनच. गुरुजींची मंगलाष्टके सुरू झाली. सनई-ढोलवाले वाजंत्री मी स्वतः आग्रहाने बोलावले होते. प्रत्येक ‘सावधान’ला ते रीतीप्रमाणे वाजवत होते आणि ते मला मंगल वाटत होते. मग पत्नीने माईक हाती घेतला. पहिली ओळ नीट झाली. दुसरीच्या शेवटी तिला दम लागला आणि ती थांबली.

कडवे संपले असे वाजंत्र्यांना वाटले. ढोल कडाडला, सनई सुरू झाली, चहूकडून अक्षता उडाल्या. मी डीजेचे मनगट घट्ट धरले. त्याने मान वळवून वाजंत्र्यांकडे पाहिले.

“ती तुमची मानसं हायती,” तो म्हणाला.

ढोल थांबेपर्यंत पत्नी माईक धरून तशीच उभी होती. तेवढ्यात अंतरपाटाआडून नातीचा आवाज आला, “आजी, पहिल्यापासून म्हण.” गुरुजींनी घड्याळ पाहिले आणि मान डोलावली. मुलाने वाजंत्र्यांजवळ जाऊन ढोलावर हात ठेवला. पत्नीने पुन्हा आरंभ केला, अधिक संथपणे, मध्ये श्वास घेत. तिचा आवाज खाली गेला, की डीजेचे बोट माईकचे बटन किंचित फिरवी. ते बोट शेजारच्या बटनाकडे सरकेल, या भीतीने मी त्याच्यावरची नजर हलवली नाही. ते सरकले नाही. शेवटी ‘सावधान’ झाले तेव्हा पाहुण्यांच्या मुठी रिकाम्या होत्या. कुणी पदरातल्या, कुणी खांद्यावरच्या अक्षता वेचून पुन्हा टाकल्या.

जेवणे झाल्यावर पत्नी माझ्याजवळ येऊन बसली.

“अहो, तिसरी ओळ मी आयत्या वेळी बदलली. बरी वाटली का?”

मला खोटे बोलवेना. मी त्या माणसाच्या बोटाकडे पाहत होतो, असे सांगितले. तिने माझ्या उपरण्यात अडकलेला तांदळाचा दाणा काढला.

“असू द्या. तुमच्यासाठी नव्हतीच ती,” ती म्हणाली. “जिच्यासाठी होती, तिनं ऐकली.”

बदललेली ओळ काय होती, हे विचारेपर्यंत बाहेर वरातीचे पहिले गाणे सुरू झाले आणि खिडक्यांची तावदाने थरथरू लागली. पत्नी अजूनही ती ओळ सांगत नाही. नात माहेरपणाला आली, की तिलाच विचारीन.