कडू कुडा, गोडा कुडा

हेदवीच्या दशभुज गणेशाला वंदन करून, वैद्यसभेच्या वार्षिक अधिवेशनाच्या आजच्या दिवशी ही आठवण लिहितो. सकाळी कुड्याची साल जिभेवर ठेवली आणि त्या कडूपणाने मला रत्नागिरीतील माझ्या पहिल्या व्याख्यानात नेले.

विषय अतिसाराचा होता. स्वतः तोडून आणलेली साल उंचावून मी कुटजाचे, म्हणजे कुड्याचे, श्लोक म्हणत होतो. अध्यक्षस्थानी माझे गुरुजी होते. इतक्यात प्रदर्शनासाठी वनस्पती घेऊन आलेल्या सखूमावशी दारातून म्हणाल्या, "वैद्यबुवा, ह्यो गोडा कुडा! अवशीद कडव्याचा. चाखून तरी बगायचात!"

सभागृह हसले. मी साल चाखली. कडूपणाचा लवलेश नव्हता. क्षणभर वाटले, श्लोकांआड लपावे. पण गुरुजींकडे पाहून मी म्हणालो, "मावशींचे खरे आहे. मी चुकलो."

गुरुजी उठले आणि त्यांनी आपली खुर्ची मावशींना दिली. "आता व्याख्यान पूर्ण करा," ते मला म्हणाले, "दोघे मिळून."

मावशी साल ओळखायला शिकवीत होत्या, मी श्लोक जोडीत होतो. शेवटी टाळ्या थांबेनात. तेव्हा वाटले, लाज राखली गेली. आज कळते, माझ्या वैद्यकीतला पहिला विजय तोच.

वाचकहो, आपल्या घरी आरोग्य नांदो, आणि चूक दाखवणारे माणूस दाराशी आले तर त्याला मानाचे आसन मिळो.