रुतलेल्या जिपेचं सीमोल्लंघन

साताऱ्याहून झाशीला पोचायला मला तीन दिवस लागले. दोन दिवस प्रवासाचे आणि एक दिवस ढाब्याढाब्यावर थांबून लोकांना जीप दाखवण्याचा. दाखवण्यासारखी होतीच ती. स्प्रिंगा उंच केलेल्या, टायर नांगरलेल्या शेतासारखे, पाण्यात शिरली तरी इंजिनाला श्वास मिळावा म्हणून टपापर्यंत काढलेली नळी आणि पुढे विंच, म्हणजे पोलादी दोर गुंडाळणारा विजेवरचा रहाट. ही चारही चाकांनी ओढणारी गाडी आजवर चढली होती ती फक्त आमच्या सोसायटीचा उतार.

छावणीच्या शांत, चुना मारलेल्या दगडांच्या रस्त्यांवरून मी सिव्हिल लाइन्समध्ये मावशीच्या दारात उतरलो, तेव्हा घरात सगळीकडे खोकी होती. माझा मावसभाऊ मिलिंद रेल्वेत आहे. त्याची गुवाहाटीला बदली झाली होती आणि मावशीही त्याच्याबरोबर निघाली होती. झाशीत जन्म काढलेली बाई आता कायमची जाणार होती. तिची इच्छा एकच होती : गरौठ्याच्या पलीकडच्या गावात तिनं अकरा वर्षं शाळेत शिकवलं, तिथे जिच्या घरात राहिली त्या रामकलीला एकदा भेटायचं. पण पावसात वाटेतला रपटा (पावसाळ्यात पाण्याखाली जाणारा बुटका पूल) वाहून गेला होता आणि टॅक्सीवाले नाही म्हणत होते.

"त्यात काय मावशी!" मी म्हणालो. "ही गाडी कशासाठी आहे मग?"

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. मावशीनं खोकं उघडून हळदकुंकू शोधलं आणि शस्त्र म्हणून माझ्या जिपेची पूजा केली. विंचेला झेंडूची माळ घातली, प्रत्येक चाकाच्या मधोमध तेलात कालवलेलं कुंकू असं थापलं, की जीप नवरीसारखी दिसू लागली.

दसऱ्याला सकाळी आठला निघालो. मिलिंदला मराठी सगळं समजतं, पण बोलताना त्याची गाडी रूळ बदलते. तो खिडकीशी आला. "दादा, रावण जलने से पहले आई को घर ले आना. नंतर सगळे रस्ते जाम. आणि सकाळी पाच की ट्रेन है, पता है ना?"

"रावण पेटायच्या आत!" मी छाती ठोकली.

गरौठ्यापर्यंत झकास. कापलेल्या उडदाची शेतं, रस्त्यावर उन्हं खाणाऱ्या म्हशी, एका टपरीवर गरम मंगौडे (मुगाची भजी). मावशी पदरात आपट्याची पानं घेऊन बसली होती. मग रपटा वाहून गेलेला तो नाला आला. पाणी घोटाभर, पण वाळूचा पट्टा चांगला रुंद. मी ऐटीत चार चाकांचा दांडा ओढला आणि जीप आत घातली. पाणी ओलांडून वाळूच्या मध्यावर पोचल्यावर मागची चाकं गरगर फिरली, वाळू उडाली आणि गाडी म्हशीसारखी खाली बसली.

"थांबलास का रे?" मावशीनं विचारलं.

"जरा अंदाज घेतोय."

अंदाज असा, की आम्ही पुरते रुतलो होतो. टायरांतली हवा कमी केली, चाकांखाली पायपुसणी घातली. शेवटी विंचेचा दोर काठावरच्या बाभळीला बांधून बटण दाबलं. जीप जागची हलली नाही. बाभूळ मात्र मुळासकट निघून आमच्याकडे आली.

पलीकडच्या काठावर ट्रॅक्टर थांबवून एक जण हे बघत होता. "भैया जी," तो ओरडला, "बमूरा तो आ गओ, गाड़ी नईं आई!" त्याचं नाव हल्के. त्यानं मावशीची विचारपूस केली, 'बहनजी' कोणाकडे निघाल्यात ते ऐकलं आणि साखळी आणतो म्हणून गावाकडे गेला.

मी चाकाशी उकिडवा बसलो. तेव्हा दिसलं, की मागची चाकं खड्ड्यात, पण पुढच्यांनी वाळूचा कणही उकरलेला नाही! बोटानं कुंकू पुसलं. त्याखाली हब, म्हणजे चाकाचा मधला तुंबा, त्यावर खटका, आणि खटका होता 'फ्री'वर. खाली उतरून हे दोन खटके हातानं 'लॉक'वर फिरवावे लागतात. नाहीतर दांडा ओढला तरी पुढची चाकं वऱ्हाड्यांसारखी नुसती बरोबर येतात. गॅरेजवाल्यानं हे मला तीनदा सांगितलं होतं. मी तेव्हा जिपेचे फोटो काढत होतो.

दोन्ही खटके फिरवले. एवढ्यात ट्रॅक्टर परतला आणि साखळीबरोबर रामकलीही आली. पंचाहत्तरीची बाई लुगडं खोचून थेट नाल्यात उतरली.

"काए बहनजी, कित्ती दुबरा गईं तुम!"

"आणि तू काय जाडी झालीस का गं?" मावशी चक्क मराठीत म्हणाली, आणि रामकलीला ते समजलं. मावशीनं तिच्या हातात आपट्याची पानं ठेवली. जिपेच्या सावलीत, वाळूवर, दोघी बसल्या. गावात गेलो असतो तर अख्खी आळी भोवती जमली असती. इथे कोणी नव्हतं.

मी घड्याळ पाहिलं. एक वाजून गेला होता. गावात जाऊन यायला आता वेळ नव्हता, गाडी निघाली की परतच फिरायचं; फार तर तासभर हाताशी होता. मावशीनं माझ्याकडे पाहिलं. "निघेल का रे लवकर?"

"छे! मोठा बिघाड आहे. तासभर तरी लागेल."

हल्के खाली वाकला. पुसलेलं कुंकू, फिरवलेला खटका, सगळं त्यानं पाहिलं. मी डोळा मारला. त्यानं साखळी बाजूला ठेवली, गाडीखाली माझ्या शेजारी आडवा झाला आणि पाना घेऊन कशावर तरी ठकठक सुरू केली. "हओ बहनजी," तो ओरडला, "भौतई बिगर गई!"

तासाभरात आम्ही काही दुरुस्त केलं नाही. बाहेर दोघी बोलत होत्या, मधूनच हसत होत्या, पुन्हा बोलत होत्या. अडीचला मी इंजिन चालू केलं आणि चार चाकांवर जीप लोण्यातून सुरी निघावी तशी वर आली. रावण पेटायच्या आत मावशी घरी होती.

साताऱ्यात आता मित्र विचारतात, की एवढा खर्च करून ही गाडी नेमकी कुठे चालवलीस? मी सांगतो, चालवलीच आहे, पण तिनं सर्वात चांगलं काम केलं ते नाल्यात तासभर न हलता.